‘चेक्ड’ म्हणालो, पण पाहिलं नव्हतं

भुसावळला उतरलो तेव्हा पहाटेचे सव्वापाच झाले होते. नाना, म्हणजे माझे वडील, स्टेशनाबाहेर स्कूटर लावून उभे. मी येतोय एवढंच फोनवर कळवलं होतं, का येतोय ते नाही. “सुट्टी मिळाली?” त्यांनी विचारलं. मी “मिळाली” म्हणालो आणि मागे बसलो. थंडी मी म्हणत होती, त्यामुळे वाटेत न बोलण्याला निमित्त होतं. घराच्या फाटकाशी गाडी बंद करताना, मागे न बघताच त्यांनी विचारलं, “कुठे चुकलं?”

मी एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. म्हणजे उजवीकडच्या खुर्चीतला. चार वर्षं झाली. आम्हाला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. सहा पायांवर डोलणारी एक बंद खोली, आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर खोटं आकाश. टेकऑफच्या वेळी इंजिन बंद पडणं, आग, ढगातून उतरणं, हे सगळं तिथे करून दाखवायचं. या गोष्टींची मला आता भीती वाटत नाही. या खेपेला मात्र परीक्षेआधी दोन दिवस वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवले होते. दुसरा माणूस विमान उडवत असताना आपण त्याच्यावर आणि विमानावर नजर कशी ठेवायची, त्याचं प्रशिक्षण.

वेळापत्रक बघून मी मनात म्हटलं, बघायला काय शिकवायचं?

माझं पहिलं उड्डाणशिक्षण धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर झालं. दोन जणांचं छोटं सेसना, एक इंजिन, दक्षिणेला लळिंगचा किल्ला, खाली पांझरा. पहिल्या एकट्याच्या उड्डाणात शेजारची खुर्ची रिकामी होती आणि विमान त्यामुळे इतकं हलकं झालं होतं की ते उतरायलाच तयार नव्हतं. तिथे जे शिकलो ते हातांनी शिकलो. नजर ठेवायची होती, पण स्वतःच्याच हातांवर. एअरलाइनमध्ये आल्यावर अर्ध्या उड्डाणांत विमान दुसऱ्याच्या हातात असतं. आपण रेडिओवर बोलायचं, चेकलिस्ट वाचायची, तो सांगेल तेव्हा फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, आणि चाकं खाली करायची. आणि बघत राहायचं. या बघणाऱ्याला पूर्वी ‘पायलट नॉट फ्लाइंग’ म्हणत. २००३ साली अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने आपल्या परिपत्रकात ते नाव बदलून ‘पायलट मॉनिटरिंग’ केलं. जुन्या नावात तो माणूस काय करत नाही एवढंच कळत होतं.

गुरुग्रामच्या वर्गात पहिल्या दिवशी आकडे आणि अपघात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये ३७ मोठे अपघात तपासले होते, १९७८ ते १९९० या काळातले, सगळे वैमानिकांच्या चुकांशी जोडलेले. त्यांतल्या ३१ अपघातांत दुसऱ्या कोणीतरी नीट पाहिलं नव्हतं किंवा पाहून टोकलं नव्हतं. मग १९७२ चं मियामीचं विमान. पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं केव्हा सोडलं ते कोणाला कळलं नाही. उंची सुटल्याची घंटा वाजली, तीही कोणाच्या कानात शिरली नाही. विमान हळूहळू खाली जात दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली, एका बल्बपायी. मी वहीत ‘बल्ब’ एवढंच लिहिलं. अशा गोष्टी ऐकताना आपण नेहमी त्या माणसांपेक्षा शहाणे असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिम्युलेटर. माझ्याबरोबरचे कॅप्टन माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, शांत, हाताने सुरेख विमान उतरवणारे. विमान त्यांच्याकडे, देखरेख माझ्याकडे. उतरायला थोडाच वेळ असताना धावपट्टी बदलली. मी मान खाली घालून संगणकात नवी धावपट्टी भरायला लागलो. वर बघितलं तेव्हा सर ऑटोपायलट काढून हाताने विमान आणत होते. समोर मावळतीचं ऊन, इन्स्ट्रक्टरने मुद्दाम लावलेलं.

पुढे जे झालं ते समजायला थोडी यंत्राची माहिती हवी. आमच्यासमोरच्या मुख्य पडद्याच्या माथ्यावर एक बारीक पट्टी असते, तिला एफएमए म्हणतात. विमानाचं डोकं या क्षणी काय करतंय ते तिथे लिहिलेलं असतं. इंजिनाचं बळ वेग सांभाळतंय की इंजिन आयडलवर आहे, विमान उंची धरून आहे की उतरतंय. नवा शब्द आला की त्याच्याभोवती दहा सेकंद पांढरी चौकट दिसते. उडवणाऱ्याने तो शब्द मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्वतःच्या पडद्यावर तोच आहे ना हे बघून ‘चेक्ड’ म्हणायचं. एका फेरीत असे किती ‘चेक्ड’ होतात ते मोजलेलं नाही, पण आमच्या तोंडात तो शब्द देवळात शिरताना हात घंटेकडे जावा तसा येतो.

सर म्हणाले, “थ्रस्ट आयडल, ओपन डिसेंट.” मी म्हणालो, “चेक्ड.”

ओपन डिसेंटमध्ये इंजिनं आयडलवर असतात, म्हणजे जवळपास नुसती फिरत असतात, आणि नाक खाली-वर करून वेग राखला जातो. उंचावर हे ठीक. जमिनीजवळ, हाताने, धावपट्टीकडे बघून विमान आणताना हा मोड ठेवायचा नसतो. त्यातून बाहेर पडायला दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या रेषा, बंद करावे लागतात. दोन्ही बंद झाले की ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाचं बळ आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, आपण होऊन वेग सांभाळायला लागतो. एकच बंद केला तर इंजिनं आयडलवरच राहतात. सर म्हणाले, “फ्लाइट डायरेक्टर ऑफ,” आणि त्यांनी त्यांच्या बाजूचा बंद केला. माझा मी करायचा होता. त्याच क्षणी टॉवरने वारा सांगून उतरायची परवानगी दिली. मी परवानगी परत म्हणून दाखवली, सर काहीतरी बोलले, मी ‘चेक्ड’ म्हणालो. माझा डायरेक्टर चालूच.

आमचा ठरलेला वेग १३४ नॉट्स (ताशी सागरी मैल) होता. विमान बरोबर रेषेत, धावपट्टी समोर, सगळं छान दिसत होतं. वेगाच्या पट्टीवर एक पिवळा बाण असतो, दहा सेकंदांनी वेग किती असेल ते तो दाखवतो. तो खाली बघत होता. १३१. १२८. मला दिसत होतं, हे मी कबूल करतो. माझ्या डोक्यात आलेलं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं: सर बघत असतीलच.

मग कॉकपिटमध्ये एक आवाज झाला, “स्पीड, स्पीड, स्पीड.” तो माझा नव्हता. विमानाची ऊर्जा कमी पडायला लागली की यंत्र स्वतःच ते बोलतं.

सरांनी थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले, विमान वर घेतलं, सगळं नीट सावरलं. इन्स्ट्रक्टर मॅडमनी चित्र थांबवलं. त्या वायुदलातून निवृत्त झालेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा दाखवला. पहिल्यांदा वेग पाच नॉट्सने कमी झाला तिथपासून यंत्र बोलेपर्यंत नऊ सेकंद. ‘सरांनी मोड वाचला, तू चेक्ड म्हणालास. काय चेक केलंस?’ असं त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी बंगळुरू एवढाच शब्द उच्चारला. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सचं ए३२०, तेव्हा अगदी नवं. उतरताना इंजिनं आयडलवर राहिली, वेग आणि उंची दोन्ही घटत गेली, दोघांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ९२ जण गेले. हा अपघात मी परीक्षेसाठी चार वेळा तरी पाठ केला आहे.

निकालाच्या कागदावर देखरेखीच्या चौकटीत कमी शेरा आला. नऊ दिवसांनी पुन्हा एक सत्र, तोवर उड्डाण नाही. म्हणून भुसावळ.

हे सगळं मी नानांना ओट्यावर बसून सांगितलं. चहा झाला, आजी आतून काठी टेकत आली. ती अमळनेरकडची, अजूनही अहिराणीच बोलते. “काय व्हयनं रे भाऊ?” मी सोपं करून सांगितलं, की आजी, गाडी हळू होत होती, मला दिसलं, मी गप्प बसलो. ती म्हणाली, “तुले दिसनं ना? मंग काबरं नही बोलना?” मॅडमचा प्रश्नही हाच होता, फक्त त्यांनी तो इंग्रजीत आणि कागदावर विचारला होता.

नाना ३४ वर्षं रेल्वेत होते, आधी असिस्टंट, शेवटी मेल-एक्स्प्रेसचे लोको पायलट. कधी इगतपुरीकडे, कधी खंडव्याकडे. माझं लहानपण त्यांच्या लाइन बॉक्सच्या आवाजावर गेलं. तो पत्र्याचा डबा दाराशी ठेवला की नाना आले, उचलला की गेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण घरातून निघताना ते अजून उंबऱ्यात थांबतात, हात लांब करून एकेका वस्तूकडे बोट दाखवतात आणि मोठ्याने म्हणतात, “गॅस बंद. मोटर बंद. मागचं दार, कडी.” आई आतून म्हणते, “सुटली गाडी.” आम्ही भावंडांनी याची आयुष्यभर नक्कल केली आहे. इंजिनात दोघं असतात आणि प्रत्येक सिग्नल दोघांनीही हात करून मोठ्याने पुकारायचा असतो. होम येलो, स्टार्टर ग्रीन. होम म्हणजे स्टेशनात शिरतानाचा सिग्नल, स्टार्टर निघतानाचा. जपानी रेल्वेत हेच शंभर वर्षांपासून चालतं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये साध्या कामांवर प्रयोग केला तेव्हा काहीच न करता शंभरामागे २.३८ चुका होत होत्या, बोट दाखवून बोलल्यावर ०.३८. हे मी वर्गात शिकलो आणि नानांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मला वाटलं ते खूश होतील.

ते म्हणाले, “पुकारून पण चुकतं.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आईलाही माहीत नव्हती. थंडीची रात्र, तीन वाजून गेलेले, मालगाडी. दोन-अडीच तास सगळे सिग्नल हिरवे. असिस्टंट ‘ग्रीन’ म्हणतो, हे ‘ग्रीन’ म्हणतात. अशात एक डबल येलो आला, म्हणजे पुढे वेग कमी करायची तयारी ठेवा. असिस्टंट म्हणाला ग्रीन. हे म्हणाले ग्रीन. दोघांचे हात वर. पुढचा सिग्नल नुसता पिवळा दिसला तेव्हा पोटात गोळा आला, ब्रेक लावले आणि गाडी लालच्या बऱ्याच अलीकडे थांबली. “कागदावर काही झालंच नाही. पण आम्ही दोघं खूप वेळ एकमेकांकडे बघितलं नाही. तोंड आपलं आपलं चालत होतं, भो. डोळा मागून येत होता.”

माझ्या ‘चेक्ड’चं यापेक्षा नेमकं वर्णन मला अजून कोणी करून दिलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. आधी सिग्नलचं नाव, मग बोट, मग रंग. रंग दिसायच्या आधी मनाशी ठरवायचं की पुढचा लाल आहे. हिरवा निघाला तर बक्षीस. यावर आमचा थोडा वाद झाला. आम्हाला शिकवतात की नजर टाकण्याआधी तिथे काय असायला हवं ते मनात म्हण, मग बघ, आणि फरक शोध. म्हणजे माझ्या मनात हिरवा असायला हवा आणि पिवळा दिसला तर दचकायला हवं. नाना म्हणतात, मनात हिरवा धरलास तर डोळ्याला हिरवाच दिसणार. मला वाटतं दोघांचंही बरोबर आहे, पण विमानात सगळंच लाल धरून बसता येत नाही. पडद्यावर इतक्या गोष्टी असतात की माणूस नुसता घाबरून बसेल.

दुसऱ्या दिवशी आईला भरताची वांगी हवी होती आणि नानांना बामणोदचीच लागतात. गाडी काढली. तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागलो आणि ते म्हणाले, “आज तू असिस्टंट. दिसायच्या आधी सांगायचं.” मी सुरू केलं. पुढे वळण. वळणामागे ट्रॅक्टर असू शकतो. डावीकडून केळीचा ट्रक मागे येतोय. शाळा आहे, गतिरोधक असणार. आधी लाज वाटली, मग दमलो. विमानाचा वेग बघणं सोपं वाटावं इतकं हे थकवणारं आहे. वीस मिनिटांनी लक्षात आलं की मी फक्त दिसलेलं सांगतोय, येणारं सांगायचं सोडलंय. थोडं पुढे नानांनी वेग वाढवला. पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. रस्त्याला खड्डे, समोर उसाची बैलगाडी. मी काट्याकडे बघत होतो. बोललो नाही.

त्यांनी वेग कमी केला आणि विचारलं, “दिसलं नाही?”

“दिसलं.”

“मग?”

मी काय सांगणार? वडील गाडी चालवत होते. आमच्याकडे वडिलांना ‘हळू चालवा’ म्हणणारी एकच व्यक्ती आहे आणि ती घरी मसाला वाटत होती. नाना म्हणतात ते मुद्दाम केलं. आईचं म्हणणं, मुद्दाम वगैरे काही नाही, ते नेहमीच असे चालवतात.

त्या संध्याकाळी काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना मी याच गोष्टीवर अडून बसलो होतो. मंगळुरूला २०१० च्या मे महिन्यात दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की फर्स्ट ऑफिसरने पुन्हा वर जाऊ या, गो-अराउंड, असं एकदा नाही, अनेकदा म्हटलं होतं. तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढचा. त्याने तोंड तरी उघडलं. विमान मात्र ज्याच्या हातात होतं त्याने ऐकलं नाही. अशा वेळेसाठी नियम असा की एकदा टोकलं, उत्तर नाही, पुन्हा टोकलं, तरी उत्तर नाही, तर समजायचं समोरचा माणूस भानावर नाही आणि विमान स्वतःकडे घ्यायचं. हे वाचायला सोपं आहे. पण आपण ज्याला दिवसभर ‘सर’ म्हणतो त्याला टोकायचं वाक्य मराठीत जुळवायला गेलं की त्यात आधी ‘अहो’ येतं, मग ‘जरा’ येतं, मग शेवटी ‘ना’ येतं. तेवढ्यात तीन नॉट्स गेले. इंग्रजीतही मी तेच करत होतो, फक्त ‘अहो’च्या जागी ‘सर, आय थिंक’.

म्हणून ते पुकारे एकेका शब्दाचे केलेले आहेत. ‘स्पीड’. ‘सिंक रेट’, म्हणजे खाली जाण्याचा वेग. ‘बँक’, म्हणजे विमानाचं कलणं. त्यांत तू नाही, तुम्ही नाही, क्रियापद नाही, चुकलं असंही नाही. मानाचा प्रश्न येतो तो क्रियापदात. काट्यावर दिसतं ते नाव घ्यायचं, बस. नानांचंही तसंच. असिस्टंट कितीही नवखा असला तरी ‘होम रेड’ म्हणताना त्याला साहेबाची परवानगी लागत नाही. चार वर्षं मी हे पुकारे करत होतो, ते असे का आहेत हे मला वांगी भाजताना कळलं. आणि या नादात दोन वांगी एका बाजूने कोळसा झाली. त्यांच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडेच होतं.

पुढचे चार दिवस चिठ्ठ्यांचे. मी कॉकपिटचं मोठं छापील चित्र कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि चाळीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एफएमएची एक ओळ, उंची, वेग, ऑटोपायलट चालू की बंद. नाना चष्मा लावून एक चिठ्ठी दोन सेकंद दाखवणार, मी तिन्ही गोष्टी सांगायच्या: विमान काय करतंय, आता पुढे काय करेल, आणि यात काही खटकतंय का. ‘चेक्ड’ म्हणायला बंदी. वाचलेला शब्दच परत म्हणायचा. पहिल्या दिवशी माझा वेग इतका कमी होता की आजी झोपून उठली तरी आमच्या वीस चिठ्ठ्या झाल्या नव्हत्या. ‘ओपन डिसेंट, उंची ७००, ऑटोपायलट बंद’ ही चिठ्ठी आली की मी खुर्चीतून उठायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, नानांनी एकच चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवायला सुरुवात केली. उंची धरलेली, वेग सांभाळलेला, सगळं ठीक. मी सांगितलं. पुन्हा तीच. पुन्हा तीच. मला वाटलं ते पेंगताहेत. सातव्यांदा मी नुसतं “तेच” म्हणालो. त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. एक शब्द त्यांनी स्वतःच्या अक्षरात बदललेला होता, शुद्धलेखन चुकवून. ऑटोथ्रस्टच्या जागी काहीच नव्हतं, खोडलेलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांचं लक्ष का सुटतं ते शोधायला नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसांना दोन तास एका काट्यासमोर बसवलं होतं. काटा टिकटिक पुढे सरके, क्वचित दुप्पट उडी मारे, ती पकडायची. १९४८ मध्ये ते छापून आलं. पहिल्या अर्ध्या तासातच पकडणं घसरलं होतं. नानांनी सात चिठ्ठ्यांत तेच केलं, तेही दुपारच्या वरणबट्टीनंतर. त्यांना मॅकवर्थ सांगितला तर म्हणाले, म्हणून तर इंजिनात ते बटण आहे. मिनिटभर ड्रायव्हरने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, तरी हात हलला नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. “पण ते बटण झोपेत पण दाबता येतं,” असं त्यांनी लगेच जोडलं. सवयीने कुठलीही गोष्ट पोकळ होते यावर या माणसाचा गाढ विश्वास आहे.

त्यांच्याकडून उचललेली आणखी एक गोष्ट थर्मासची. मोठं स्टेशन जवळ आलं की चहाचा कप अर्धा असला तरी खाली, डबा बंद, गप्पा बंद. आमच्या प्रशिक्षणातही हेच, फक्त शब्द मोठे: उड्डाणातल्या नाजूक जागा आधी ओळखा. ठरलेल्या उंचीला पोचायचे शेवटचे हजार फूट, दहा हजार फुटांखालचा सगळा काळ, धावपट्टी ओलांडताना. तिथे कागद, संगणक, फॉर्म काही नाही. मान खाली घालावीच लागली तर शेजाऱ्याला तसं सांगून घालायची, म्हणजे तोवर दोन डोळे कमी आहेत हे त्याला कळतं. धावपट्टी बदलली तेव्हा मी हे सांगितलंच नव्हतं.

आठव्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघालो. दुसऱ्या सत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅप्टन वेगळे होते. धावपट्टी पुन्हा बदलली, मी “हेड डाउन” म्हणालो, तीन गोष्टी भरल्या, “हेड अप” म्हणालो आणि आधी एफएमए वाचला. मोठ्याने, शब्दन् शब्द, कॅप्टनना ते थोडं विचित्र वाटलं असावं. फ्लाइट डायरेक्टर दोन्ही बंद आहेत हे बोट लावून पाहिलं. बोट लावल्यावर मॅडमनी मागून काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. वाऱ्याच्या झोतात वेग पाच नॉट्सने पडला आणि मी “स्पीड” म्हणालो. “करेक्टिंग,” कॅप्टन म्हणाले, किंचित चिडून, कारण ते आधीच सुधारत होते. यंत्र गप्प होतं. मॅडमचा शेरा: दोन पुकारे उशिरा, बाकी ठीक, उड्डाणाला परवानगी.

आता माझ्या खिशात एक छोटी वही असते. ज्या वेळी शब्द आधी निघाला आणि नजर नंतर गेली, त्या प्रत्येक वेळी हॉटेलवर पोचल्यावर एक रेघ मारतो. नाना दर रविवारी विचारतात.

“किती?”

“पाच.”

“गेल्या रविवारी दोन होत्या.”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “आईला देऊ का? ती विचारते, शेवचा मसाला संपला का.”